चार्जरचा प्रश्न आणि प्रमाणीकरणाचा धडा



आजच्या भाषणासाठी मी जो विषय निवडला आहे तो ऐकून काही जणांना हसू येईल. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून बोलायचे ते मोबाइलच्या चार्जरविषयी! परंतु माझी अशी प्रामाणिक समजूत आहे की, मोठे विषय समजावून घेण्याचा चांगला मार्ग रोज हाताळल्या जाणाऱ्या लहान वस्तूंमधून जातो. चार्जर ही अशीच एक वस्तू आहे. तिच्या कहाणीत विज्ञान आहे, अर्थकारण आहे, कायदा आहे आणि माणसांनी एकमेकांशी जुळवून कसे घ्यावे याचा धडाही आहे.

ज्या पालकांनी सन २००० च्या आसपास पहिला मोबाइल घेतला असेल त्यांनी ते दिवस आठवून पाहावेत. एका कंपनीची जाड पिन, त्याच कंपनीच्या पुढच्या फोनची बारीक पिन, दुसरीची चपटी, तिसरीची आकडेवाली. घरात चार फोन असले तर चार चार्जर, आणि पाहुण्यांकडे गेल्यावर पहिला प्रश्न, "तुमच्याकडे बारीक पिनचा चार्जर आहे का?" फोन बिघडला की चार्जरही निकामी होई. तो फेकवत नसे आणि वापरताही येत नसे. कपाटातल्या खणात पडून राही. युरोपात २००९ पूर्वी अशा चार्जरांचे तीसहून अधिक प्रकार प्रचारात होते. यावरून हा त्रास आपल्यापुरताच नव्हता, हे ध्यानात येईल.

असे का व्हावे? वीज तर सगळ्या फोनना लागते, आणि थोड्याफार फरकाने सारखीच लागते. मग पिना वेगळ्या का? याचे एक कारण निष्काळजीपणा आणि दुसरे कारण व्यापार. प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने पिन बनवली. पुढे असेही दिसून आले की, पिन वेगळी असली म्हणजे ग्राहक आपल्याच दुकानात परत येतो. ग्राहकाची गैरसोय हेच विक्रेत्याचे उत्पन्न होऊन बसले.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न मोबाइलबरोबर जन्मला असे समजू नका. १९०४ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील बाल्टिमोर शहराला भयंकर आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून आगीचे बंब मदतीला धावून आले. माणसे आली, पाणीही होते. परंतु बाहेरून आलेल्या अनेक बंबांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळखांबांना बसेनात. प्रत्येक शहराने आपापले आटे वेगळे ठेवले होते. पंधराशेहून अधिक इमारती त्या आगीत जळाल्या. त्यानंतर नळ्यांच्या जोडणीचे एक राष्ट्रीय माप ठरवण्यात आले. तरीही १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे टेकड्यांवर आग भडकली, तेव्हा शेजारच्या गावांतून आलेल्या बंबांना हीच अडचण आली, कारण त्या शहराने वेगळे माप चालू ठेवले होते. तात्पर्य, माप ठरवणे हे अर्धे काम. ते सर्वांनी पाळणे हे उरलेले अर्धे.

आपल्या देशाचा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. एके काळी आपल्याकडे शेर आणि पायली होती, पण एका जिल्ह्याची पायली दुसऱ्या जिल्ह्याच्या पायलीशी जुळेलच असे नव्हते. या घोळात नुकसान होई ते अडाणी गिऱ्हाइकाचे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि त्यानंतर किलो, मीटर व लिटर टप्प्याटप्प्याने रूढ झाले. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. सोळा आणे सोडून शंभर पैसे मोजताना लोकांची किती तारांबळ उडाली होती ते ते सांगतील. पण आज किलोचे वजन रत्नागिरीत आणि रायपुरात सारखेच असते. प्रमाणीकरण म्हणजे हेच. त्याचा सर्वांत मोठा लाभ त्याला होतो, ज्याच्यापाशी फसवणूक ओळखण्याची साधने कमी असतात.

आता चार्जरच्या बाबतीत हे कसे घडले ते पाहू. १९९६ साली संगणकाला छपाईयंत्र, कळफलक वगैरे जोडण्यासाठी यू. एस. बी. नावाची एक सामाईक जोडणी पुढे आली. इंटेल कंपनीत हे काम ज्यांच्या पुढाकाराने झाले ते अजय भट्ट हे आपल्या शेजारच्या गुजरातचे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. ही जोडणी वापरणाऱ्या कंपन्यांकडून स्वामित्वधन घेतले गेले नाही, ती सर्वांना खुली ठेवण्यात आली. म्हणूनच ती जगभर पसरली. ज्ञान कुलूपबंद ठेवले असते तर कदाचित ती एका कंपनीचीच जोडणी होऊन राहिली असती.

यू. एस. बी. मुळात माहिती वाहून नेण्यासाठी होती, पण तिच्यातून थोडी वीजही जात असे. पाच व्होल्ट दाबाने अर्धा अँपिअर, म्हणजे अवघी अडीच वॅट. फोन बनवणाऱ्यांनी हिचाच उपयोग भारणासाठी केला. चीनने २००६ साली याच जोडणीवर आधारित चार्जरचे मानक जाहीर केले. २००९ साली युरोपातील प्रमुख फोन कंपन्यांनी मायक्रो-यू. एस. बी. ही पिन स्वखुशीने मान्य करणारा करार केला. प्रकार झपाट्याने कमी झाले, पण करार स्वखुशीचा असल्याने पळवाटही होती. अ‍ॅपल कंपनीने २०१२ साली 'लाइटनिंग' ही आपली स्वतंत्र पिन आणली आणि ती पुढे दहा वर्षांहून अधिक काळ चालवली.

मायक्रो पिनलाही दोष होते. ती एकाच बाजूने बसे, अंधारात उलटी घुसवली की फोनचे तोंड मोडे. २०१४ साली 'टाइप-सी' पिनचा आराखडा प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजूंनी सारखी बसणारी, आत २४ बारीक स्पर्शबिंदू असलेली ही पिन आज तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनला आहे. हिची विशेष गोष्ट अशी की, चार्जर आणि फोन वीज देण्याघेण्यापूर्वी एकमेकांशी बोलतात. फोन विचारतो, "तू किती दाबाने देऊ शकतोस?" चार्जर सांगतो, "पाच, नऊ, पंधरा, वीस." मग फोन आपल्याला झेपेल तेवढे मागतो. असे बोलणे झाले नाही तर चार्जर साध्या पाच व्होल्टवरच राहतो. म्हणूनच लॅपटॉपचा चार्जर फोनला लावला तरी फोन जळत नाही, मात्र चार्जर आणि केबल चांगल्या प्रतीची असली पाहिजे. २०२१ साली ठरलेल्या नियमांनुसार या पिनमधून २४० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते.

अखेर युरोपने कायद्याचा मार्ग धरला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी टाइप-सी सक्तीची करणारा कायदा संमत केला. फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन आदी वस्तूंसाठी तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला; लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. ग्राहकाला हवे असल्यास चार्जरशिवाय फोन विकत घेता आला पाहिजे, अशीही त्यात तरतूद आहे. वापरात नसलेल्या व फेकलेल्या चार्जरांचा युरोपातील कचरा वर्षाला सुमारे ११,००० टन असावा, असा तेथील आयोगाचा अंदाज होता. अ‍ॅपलनेही सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ला टाइप-सी दिली. सौदी अरेबियाने १ जानेवारी २०२५ पासून हाच नियम केला. आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, मामू, चाचा आखाती देशांत नोकरीला आहेत. त्यांनी तिथून आणलेला फोन आता इथल्या केबलवर चालतो, याचे श्रेय या एकवाक्यतेला आहे. मात्र भिंतीत खुपसायची पिन अजूनही वेगळीच! तिकडची चौकोनी तीन पायांची, इकडची गोल. म्हणजे काम संपलेले नाही.

भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने बोलावलेल्या बैठकीत स्मार्टफोन, टॅब्लेट व लॅपटॉप यांच्यासाठी टाइप-सीवर एकमत झाले, आणि पुढे भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. त्या बैठकीत साध्या बटणांच्या फोनसाठी मात्र निराळ्या चार्जरचा विचार करण्यात आला, कारण स्वस्त फोनची किंमत वाढू नये. हा विचार समजण्यासारखा आहे. तरीही नानीचा फोन आणि नातवाचा फोन यांची पिन एक असावी, अशी इच्छा कोणत्या घरात नसेल?

सक्तीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही आपण नीट ऐकले पाहिजे. ते म्हणतात, कायद्याने एक पिन गोठवली की उद्या अधिक चांगली पिन शोधण्याची उमेद कोणाला राहील? २००९ साली मायक्रो पिन कायद्याने पक्की केली असती तर टाइप-सीचा मार्ग अवघड झाला असता. हा आक्षेप पोकळ नाही. त्यावरचे उत्तर असे की, चांगल्या कायद्यात फेरविचाराची वाट असावी लागते, आणि युरोपच्या कायद्यात ती ठेवलेली आहे. नियम असावेत, पण ते तपासून पाहण्याची सोयही असावी. वादविवाद स्पर्धेसाठी याहून चांगला विषय शिक्षकांना सुचवता येणार नाही.

आणखी एक सावधगिरीची सूचना. पिन एक झाली म्हणजे सगळे एक झाले, असे नाही. दिसायला सारख्या दोन केबलींपैकी एक ६० वॅट वाहून नेते तर दुसरी २४०. काही केबली केवळ भारणाच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. काही कंपन्यांचा 'फास्ट चार्जर' दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावला की मंदावतो. तेव्हा केबलीवरचे आणि चार्जरवरचे बारीक अक्षर वाचण्याची सवय लावून घ्या. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइल चार्जरला व पॉवर बँकेला मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर इंग्रजी 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, आणि तो खरा की खोटा हे ब्यूरोच्या 'बी. आय. एस. केअर' या अ‍ॅपवर कोणालाही तपासता येते. बिनक्रमांकाचा चार्जर पन्नास रुपयांनी स्वस्त मिळतो, पण त्याच्या आत २३० व्होल्ट आणि तुमच्या मुलाचा हात यांच्यामध्ये काय आहे, याची हमी कोणी देत नाही.

आता बिनतारी भारणाकडे वळू. हे ऐकायला नवलाचे वाटते, पण त्यामागचे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेले आहे. तुमच्या दहावीच्या विज्ञानातही ते आहे. तारेच्या वेटोळ्यातून बदलती वीज सोडली की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यात त्यामुळे वीज निर्माण होते. चार्जरच्या तबकडीत एक वेटोळे, फोनच्या पाठीत दुसरे. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वीजमंडळाच्या ट्रान्सफॉर्मरचेच हे धाकटे भावंड होय.

येथेही आधी फाटाफूट झाली. २००८ साली अनेक कंपन्यांनी मिळून एक संघ स्थापला आणि २०१० साली 'ची' नावाचे मानक काढले. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ प्राणशक्ती असा आहे. दुसऱ्या गटांनी आपापली मानके काढली, आणि काही वर्षे एका तबकडीवर दुसऱ्याचा फोन चालत नसे. २०१७ साली आयफोनने 'ची' स्वीकारल्यावर पारडे झुकले. २०२३ मध्ये 'ची-२' आले. त्यात चुंबकाची कडी असते, त्यामुळे फोन तबकडीवर बरोबर जागी बसतो आणि १५ वॅट वीज मिळते.

या पद्धतीचे गुण खरोखरच आहेत. पिन खुपसण्या-काढण्याने फोनचे तोंड झिजते, ते येथे होत नाही. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात तोंडात ओल शिरून भारण बंद पडते, तेव्हा तबकडी कामाला येते. ज्यांची दृष्टी मंदावली आहे, ज्यांचे हात थरथरतात, त्यांना बारीक छिद्र शोधावे लागत नाही. फोन ठेवला की झाले. वृद्धांच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तारेच्या मानाने या पद्धतीत वीज अधिक वाया जाते आणि वाया गेलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. फोन तबकडीवर थोडा सरकला की हानी वाढते. उष्णता ही बॅटरीची वैरीण आहे. आपण एक हिशेब करून पाहू. आजच्या फोनची ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. हानी धरून तारेने रोज २५ वॅट-तास लागतात असे समजा. वर्षाचे झाले सुमारे ९ युनिट. तबकडीला याच्या दीडपट लागते असे धरले तर साडेतेरा युनिट. फरक साडेचार युनिटांचा. एका घराला त्याचे वर्षाला तीस-चाळीस रुपयेच अधिक पडतील. पण दहा कोटी फोन असे भारले गेले तर? पंचेचाळीस कोटी युनिट. व्यक्तीच्या खिशाला जे जाणवत नाही ते देशाच्या खिशाला जाणवते. म्हणून माझे मत असे की, ज्यांना गरज आहे त्यांनी तबकडी अवश्य वापरावी. ज्यांना केवळ हौस आहे त्यांनी आधी तार शिल्लक आहे का ते पाहावे. तबकडी आणि फोन यांच्यामध्ये किल्ली, नाणे किंवा धातूचे कव्हर येऊ देऊ नये, ते तापते. आणि तार असो वा तबकडी, भारणाला लावलेला फोन उशीखाली ठेवून झोपू नये.

पालकहो, या विषयाचे सर्वांत गंभीर अंग मी शेवटी ठेवले आहे. टाकून दिलेले चार्जर जातात कोठे? २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला काही आपल्या देशात दिल्लीच्या सीलमपूरसारख्या, मुरादाबादसारख्या ठिकाणी अरुंद गल्ल्यांत फोडला गेला आहे. तांबे मिळवण्यासाठी केबली उघड्यावर जाळतात. वरच्या प्लास्टिकच्या धुरातून डायऑक्सिनसारखी विषे बाहेर पडतात, आणि तो धूर तिथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या व मुलांच्या छातीत जातो. ती मुले कोणाची आहेत, हे या सभेला सांगण्याची गरज नाही. ती शाळेत असायला हवीत. आपण गरज नसताना घेतलेली प्रत्येक केबल कधी ना कधी अशा एखाद्या गल्लीत पोहोचण्याचा संभव आहे. चार्जरचे प्रकार कमी होणे हा म्हणूनच केवळ सोयीचा प्रश्न नाही.

मग आपण काय करावे? माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, नवीन फोन घेताना घरात चालू चार्जर असेल तर दुसरा घेऊ नका. आणि घ्यावाच लागला तर नोंदणी क्रमांक पाहूनच घ्या. दुसरी, शाळेत वर्षातून एकदा जुने चार्जर आणि केबली गोळा कराव्यात. जे चालतात ते तपासून गरजूंना द्यावेत, आणि जे चालत नाहीत ते भंगारवाल्याला न देता अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवावेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवरही याची जबाबदारी टाकली आहे. हे काम विज्ञान मंडळाच्या मुलामुलींनी अंगावर घ्यावे. निकामी चार्जर शिक्षकांच्या देखरेखीखाली, वीज न जोडता उघडून पाहिला तर पाठ्यपुस्तकातला ट्रान्सफॉर्मर डोळ्यांसमोर येईल.

तिसरी सूचना खास विद्यार्थ्यांना. डॉक्टर, इंजिनिअर व्हावे असे आपल्याला सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु जगात कोणती पिन चालावी, किती व्होल्ट द्यावेत, हे काही माणसे एका टेबलाभोवती बसून ठरवतात. त्या टेबलाशी प्रतिस्पर्धी कंपन्यांचे लोक असतात, वेगवेगळ्या देशांचे असतात. भांडतात, मोजमापे मांडतात, पुरावा मागतात आणि शेवटी एका कागदावर येतात. तिथे बसायला गणित लागते, भाषा लागते आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय लागते. बडोद्याचा एक विद्यार्थी तिथे पोहोचला. आपल्या संस्थेची मुलगी किंवा मुलगा तिथे का पोहोचू नये? त्यासाठी आजपासून वाचायला लागा, आणि वाचलेले हाताने करून पाहा.